स्थपतींच्या खिशातली दोरी

मंगळवार, ३ फेब्रुवारी

तीन वस्तू. चार नाहीत, दोनही नाहीत — तीनच. शाळेचा नियम. सहावीतल्या प्रत्येकानं एका थोर व्यक्तीचं सोंग घ्यायचं, पाच मिनिटं बोलायचं आणि टेबलावर तीन वस्तू मांडायच्या. आमच्या कन्येच्या (सदैव काहीतरी वाहून नेत असते, म्हणून मुंगी) वाट्याला गावातले थोर स्थपती आलेत. ग्रंथालय, इस्पितळ, नदीवरचा पादचारी पूल — सगळं त्यांचंच. त्यांना जाऊन नऊ वर्षं झाली.

जेवताना तिनं यादी वाचून दाखवली. एक, गोल चष्मा. दोन, नकाशांची गुंडाळी. तीन, "लाल दोरी, बाबा. ती तर तुझीच!"

घास घशात अडकला. बायकोनं पाठीवर थापटलं. तिला वाटलं, अभिमानानं अडकला.

बुधवार, ४

निदान इथे तरी लिहावं. इथे संपादक नाही.

बावीस वर्षांपूर्वी मी नवाकोरा वार्ताहर. स्थपतींची मुलाखत ठरलेली आणि मी पोचलो दीड तास उशिरा. ते जिन्यातच भेटले, निघालेले. चार मिनिटं दिली. दोन वाक्यं मिळाली, त्यांतलं एक पार्किंगबद्दल. रविवारचं पाऊण पान माझ्यासाठी राखलेलं! संपादक म्हणाले, इमारती सगळ्यांना दिसतात, तुम्ही माणूस दाखवा. मग मी माणूस दाखवला. लिहिलं, की कागदाला हात लावण्याआधी ते जागेवर जातात, खिशातून गाठी मारलेली लाल दोरी काढतात, कुणा वृद्धाला चालायला लावतात आणि त्याचं पाऊल मोजतात. दोन गाठींमध्ये एक पाऊल. म्हणून त्यांच्या पायऱ्या चढताना कोणी दमत नाही.

दोरी नव्हती. खिसा होता, एवढं खात्रीनं सांगतो.

वाटलं होतं, खुलासा मागतील. मागितला नाही. दोरी पुढे सत्काराच्या भाषणांत गेली, मृत्युलेखात गेली (तो मी लिहिलेला नाही!), मुलांच्या पुस्तिकेत गेली. बाहेर ती आता वेदांसारखी अपौरुषेय झाली आहे. घरात मात्र कात्रण जपलेलं, त्यामुळे घरात मी तिचा द्रष्टा. कर्ता आहे, हे फक्त मला ठाऊक.

शुक्रवार, ६

मुंगीचं मन वळवायचा प्रयत्न केला. पुठ्ठ्याचं ग्रंथालय करू म्हटलं. "पुठ्ठ्याचं सगळेच करतात." मग टी सुचवली, नकाशावर आडव्या रेघा मारायची लाकडी पट्टी. ती आवडली. पण तिच्यासाठी यादीतून गुंडाळी काढली, दोरी नाही. "दोरी काढली तर ते कोणीही होतील, बाबा." संपादकच बोलतायत असं वाटलं.

म्हटलं, कोणी विचारलं, कशावरून, तर? म्हणाली, सांगेन, माझ्या बाबांनी स्वतः पाहिलीय.

आम्हाला शिकवलेलं, की आप्ताचा शब्द हे प्रमाण. आप्त म्हणजे जसं पाहिलं तसंच सांगणारा. नातेवाईक नव्हे. हे तिला समजावून सांगण्याची ती वेळ नव्हती. किंवा तीच होती.

वेदान्त्याला निदान दोरीच्या जागी साप दिसतो. माझ्याकडे दोरीचीही बोंब.

रविवार, ८

बायको आणि मुंगीबरोबर शिवणसामानाच्या दुकानात गेलो. दुकानदारानं काउंटरवर लाल दोऱ्यांची सात बंडलं मांडली. ग्रंथालयवाल्यांची हवी ना, मग ही जरा विटकी घ्या, असं त्याचं मत. म्हणजे त्यालाही माहीत! बायको म्हणाली, "थांबा, हे भेटलेत त्यांना. हेच सांगतील."

तिघं माझ्याकडे बघत राहिली. मी चष्मा कपाळावर सरकवला, बंडलं उजेडात धरली, आणि निवडली. डाळिंबी. वर म्हणालो, गाठींपाशी जरा मळलेली असायची. हे मला कोणी विचारलंही नव्हतं.

मंगळवार, १०

मी पालिकेच्या सभेला होतो. बायको मुंगीला घेऊन स्थपतींच्या जुन्या ड्राफ्ट्समनकडे गेली, टी मागायला. एकतीस वर्षं साहेबांच्या शेजारच्या टेबलावर नकाशे काढलेला माणूस. शाळेतल्या बाईंनी शुक्रवारच्या सोंगांना पाहुणे म्हणून त्यांनाच बोलावलंय, हे मला आज कळलं. उत्तम.

टी मिळाली. मुंगीनं ती मला न दाखवताच कोपऱ्यात ठेवली. बायको सांगत होती, आपण ड्राफ्ट्समनच्या बायकोबरोबर चहा घेत बसलो, मुंगी आजोबांबरोबर आतल्या खोलीत रमली होती. संध्याकाळी दप्तर भरता भरता मुंगीनं विचारलं, "बाबा, दोरी केवढी लांब होती रे?"

दार उघडं होतं. नुसतं आत जायचं होतं.

"वावभर," मी म्हणालो. दोन्ही हात पसरून दाखवलं.

ती बघत राहिली. मग म्हणाली, "बरं."

गुरुवार, १२

आज सांगणारच होतो. ती दोरीला गाठी मारत बसली होती. एक टोक मला धरायला दिलं. धरलं.

शुक्रवार, १३

दोन शास्त्रज्ञ, एक गायिका, एक गिर्यारोहक (दमा असलेला) आणि मग आमचे स्थपती. पांढरा शर्ट, चष्मा नाकावरून घसरणारा. पुलाबद्दल बोलली, इस्पितळाच्या खिडक्यांबद्दल बोलली. मग दोरी काढली आणि चक्क मुख्याध्यापकांना चालायला लावून त्यांचं पाऊल मोजलं. सभागृह खो खो हसलं. मागून कुणा मुलानं विचारलं, दोरीचं कशावरून?

"माझ्या बाबांनी स्वतः पाहिलीय."

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. टाळ्या. मी बसल्या जागी नमस्कार केला. केला!

बाईंनी पाहुण्यांना विचारलं, आजोबा, तुम्ही तर ती रोज पाहत असाल? म्हातारा सावकाश उठला. मुंगीकडे पाहिलं. म्हणाला, मुलीनं फार छान सांगितलं. आणि बसला.

नंतर व्हरांड्यात त्यांची टी परत करायला गेलो. "ती दोरी —" एवढंच बोललो.

"नव्हती," ते म्हणाले. "खिशात पेपरमिंट असायची साहेबांच्या. मंगळवारी तुमच्या मुलीनं विचारलं, तेव्हा मी सांगून टाकलं. मग म्हणाली, आजोबा, शुक्रवारी सांगू नका हं. बाबा पुढच्याच रांगेत बसणार आहे."

टी मी तशीच धरून उभा होतो. त्यांनीच ती माझ्या हातातून सोडवून घेतली.

शनिवार, १४

सकाळपासून शब्द जुळवतोय. शब्द जुळवणं हा माझा धंदा आहे म्हणे.

रविवार, १५

सांगायला तिच्या खोलीत गेलो. ती लिहीत होती. शाळेच्या वार्षिक अंकासाठी बाईंनी भाषण मागितलंय, थोडं वाढवून. तपासून दे म्हणाली. दोरीचा परिच्छेद दुप्पट झालाय. त्याच्या शेवटी — 'जिन्यात निरोप घेताना त्यांनी दोरीचा एक तुकडा कापून माझ्या बाबांना दिला. तो अजून आमच्या घरी आहे.'

दोनदा वाचलं. एकही वाक्य खोटं वाटत नाही.