खोट्या क्षेमकुशलाविषयी अखेरची व्यवस्था

मी, खाली सही करणारा, वय वर्षे बाहत्तर, धंदा शेती, नित्यनेम ग्रंथपठण, दृष्टी अधू परंतु बुद्धी शाबूत असताना, कोणाच्याही भरीस न पडता, परमेश्वरास स्मरून पुढील व्यवस्था लिहून ठेवतो.

१. राहते घर व विहिरीखालचे शेत थोरल्या सूनबाईच्या नावे. थोरला युद्धात कामी आल्यापासून नांगर तिनेच धरला आहे. माझ्या बंधूंनी हरकत घेऊ नये. ‘बाईच्या हातून नांगराचा तास सरळ पडलेला कुणी पाहिलाय?’ असे ते बांधावरून म्हणाले होते. बैल न थांबवता ती म्हणाली, ‘काका, या ना, धरा तुम्ही!’ ते आले नाहीत. त्यांना माझी काठी द्यावी. बांधावर उभे राहण्यास उपयोगी पडेल.

२. टेकडीकडील शेत धाकट्याच्या नावे. तो सध्या आघाडीवर आहे.

३. सर्व ग्रंथ शाळेच्या गुरुजींना. संकटसमयीच्या असत्यास दोष नाही, अशा अर्थाची स्थळे मी तांबड्या शाईने खुणावली आहेत. ती वाचणाऱ्याने पुढील कलमही वाचावे.

४. थोरला आघाडीवर असताना त्याची आई अंथरुणाला खिळली. त्याचे चित्त विचलित होऊ नये म्हणून मी लिहीत राहिलो, ‘घरी सर्व क्षेम.’ ती गेल्यावरही तीन पत्रांत मी तिला कोंबड्यांवर ओरडायला लावले. सूनबाईला लिहिता येत नाही. ती विनवी, ‘मामंजी, त्यांना खरं कळवा हो.’ मी तिला ग्रंथाधार ऐकवी.

पुढे त्याच्या तुकडीचा आचारी दारात येऊन उभा राहिला. ‘बाबा, रजेची पाळी त्याचीच होती. म्हणाला, माझ्या घरी सगळं ठीक आहे. तुझी आई आजारी आहे ना, तू जा.’ आचारी रजेवरून आघाडीवर परतला तेव्हा माझा मुलगा मातीखाली होता.

कोंबड्या मी विकल्या. तरी भर दुपारी परसातून त्याच्या आईचे ‘हट, हट’ ऐकू येते. सूनबाई मान वर करीत नाही. म्हणजे ते मलाच उद्देशून असावे. दौत उघडली की ते थांबते, आणि कोणी खांद्यावरून वाचत असल्यासारखे वाटते. आताही थांबले आहे.

५. धाकट्यालाही मी ‘सर्व क्षेम’ असेच लिहितो. तो विचारतो, ‘दादा पत्र का पाठवत नाही? आई रागावली आहे का?’ कापणीनंतर त्याच्या रजेची पाळी आहे. माझ्या मृत्यूनंतर त्यास सर्व खरे कळवावे.

हे कलम वाचून पाहिले. मी कापणीपर्यंत मरेनच असा भरवसा नाही. कलम पाच रद्द. गुरुजी साक्षीस आले आहेत; सूनबाईने सांगावे, त्यांनी धाकट्याला आजच पत्र लिहावे. मी मध्ये बोलणार नाही.

स्थळ: राहत्या घराची ओसरी
दिनांक: युद्धाच्या चौथ्या वर्षी, पेरणीनंतरचा दुसरा सोमवार
सही: दोघांचा बाप

साक्षीदार:
१. शाळेचे गुरुजी. पाचवे कलम माझ्यासमक्ष खोडले. पत्र सूनबाईंनी सांगितले तसे लिहिले.
२. टपालवाला. पत्र ताब्यात घेतले. म्हाताऱ्यांनी दारापर्यंत येऊन ते परत मागितले. मी दिले नाही.