सह्याद्री भिंतीला लावून

२३ जून
शाळेत मीटिंग. मुख्याध्यापिका शेट्येबाई कुठलंही प्रशिक्षण घेऊन आल्या की त्याचा ताप आम्हाला. या खेपेचा मंत्र: सर्व क्षमतांच्या मुलांसाठी शैक्षणिक साहित्य. हुशार, मध्यम आणि संथ, तिघांनाही एकाच तासात समजलं पाहिजे.
मग सगळ्यांदेखत माझा विषय काढला. गेल्या वर्षी नववीच्या अर्ध्या वर्गाने भूगोलातला नकाशाचा प्रश्न कोराच सोडला म्हणे. पहिल्या घटक चाचणीत सुधारणा दिसली नाही तर नववीचा भूगोल शमिका मॅडमकडे, आणि माझ्याकडे स्टोअररूमचा चार्ज.
मी हसलो. बावीस वर्षं भूगोल शिकवतोय. शमिका मॅडम दोन वर्षांपूर्वी आल्या आणि प्रोजेक्टर लावतात. प्रोजेक्टर लावणं म्हणजे शिकवणं नव्हे.

२४ जून, पहाटे
झोप नाही. पण कल्पना आली!
अख्खा रत्नागिरी जिल्हा. टेबलाएवढा. कागदाच्या लगद्याचा. डोंगर हाताला लागतील, नद्यांतून बोट फिरवता येईल. हुशार मुलं उंची मोजतील, मध्यम मुलं नावं सांगतील, संथ मुलं नुसता हात फिरवतील. एकच साहित्य, तिन्ही गट. शेट्येबाईंनी स्वतःहून माफी मागितली तर मोठ्या मनाने स्वीकारायची, असं ठरवलं आहे.

२७ जून
लगदा तयार. गेल्या वर्षीच्या उत्तरपत्रिका भिजत घातल्या. कोऱ्या असल्याने लगदा पांढराशुभ्र झाला. खळ शिजवायला बायकोचा, कौसरचा, बिर्याणीचा मोठा टोप घेतला. तेव्हापासून ती माझ्याशी बोललेली नाही. विरोध असता तर बोलली असती.

१ जुलै
शाळेत सह्याद्री उभा राहिला. स्वतःच्या हातांनी घाट थापले. आता वाळला की रंग. माझ्या अंदाजाने दोन दिवस.

५ जुलै
वाळला नाही.
कौसर बोलली. म्हणाली, पापड, सुकट, कोकमं, सगळी बेगमी लोक आगोटीच्या, पाऊस लागायच्या, आधी करून मोकळे होतात, आणि तुम्ही भूगोलाचे मास्तर असून जुलैत डोंगर वाळत घालता? घरात बनियन फ्रिजच्या मागे वाळतंय.
मी सांगितलं की हवेतील आर्द्रता हा धडा मी कालच आठवीला शिकवला आहे आणि उत्तम शिकवला आहे. तिने विचारलं, मग तुम्ही त्या वर्गात नव्हता का? बायकांना थिअरी आणि प्रॅक्टिकल यातला फरक कळत नाही.

९ जुलै
घाटाच्या पायथ्याला हिरवी बुरशी. आधी वाईट वाटलं, मग लक्षात आलं, ही तर नैसर्गिक वनस्पती. राहू दे म्हटलं. पण शिपाई भागोजीने नाक दाबून सांगितलं की एक तर मॉडेल ठेवा नाहीतर मला. भागोजी जुना माणूस आहे.
हेअर ड्रायर लावून पाहिला. शाळेचा फ्यूज उडाला. शमिका मॅडमचा प्रोजेक्टर ऐन तासात बंद पडला. योगायोग.

१२ जुलै
मार्ग निघाला. निघतोच! माझा मेहुणा तहा याची बेकरी. पाव काढून झाल्यावर भट्टी निवत असते, तेव्हा जिल्ह्याचे तुकडे करून नानकटाईच्या ट्रेवर ठेवले. तहा म्हणाला, भावजी, गिऱ्हाईकाने बघितलं तर माझा धंदा बसेल. त्याला म्हटलं, शिक्षणासाठी बसला तर पुण्य आहे.
सह्याद्री खडखडीत वाळला. कडेने तांबूस करपला, अगदी जांभ्याचा रंग. वासही छान येतोय. रंगाचा खर्च वाचला.
कौसरसाठी नानकटाई आणली. तिने खाल्ली, पण टोपाचं विसरलेली नाही.

१५ जुलै
भूगोल कक्षात मॉडेल बसवलं.
मांडणीचा विचार मी फार खोलवर केला. सह्याद्री उंच, तो पुढे ठेवला तर मुलांना नुसती डोंगराची पाठ दिसणार. म्हणून सह्याद्री मागे भिंतीला लावून, समुद्र पुढे बाकांकडे. शिवाय आपण बोलतोही तसंच. वर घाटावर, खाली दर्यावर. मुलांच्या रोजच्या जगण्यातून भूगोल! पुण्याच्या तज्ज्ञांना हे सुचणार नाही.
शेवटी दिशा. बिस्किटांच्या डब्याच्या पत्र्याचा बाण कापला, लाल रंगवला, त्यावर 'उत्तर' लिहिलं आणि सह्याद्रीच्या माथ्यावर, भिंतीकडे तोंड करून अरल्डाइटने चिकटवला. नकाशात उत्तर वर असते. हे पहिलीतल्या पोरालाही माहीत आहे. बाण आता भूकंपातही हलणार नाही.

१८ जुलै
पहिला तास. तुफान!
डोंगरावरून तांब्याने पाणी ओतलं आणि नद्या प्रत्यक्ष वाहून दाखवल्या. पाणी समुद्रात गेलं आणि तिथून पहिल्या बाकाच्या मांडीवर. चिपळूण थोडं भिजून फुगलं. मुलं म्हणाली, सर, खरंच असंच होतं. म्हणजे वास्तवाशी जोडलं गेलं.
फक्त निदाने हात वर केला. ही मुलगी मध्यम गटातली, पण मध्येच बोलायची खोड आहे. म्हणाली, "सर, सूर्य तर घाटातून उगवतो. मग घाट उत्तरेला कसा?"
मी शांतपणे सांगितलं, "सूर्य दुसऱ्या सत्रात आहे. आत्ता फक्त मॉडेलकडे बघ."
ती बसली. वर्गाला शिस्त लागतेय.

२२ जुलै
आजच्या तारखेखाली लाल रेघ मारली.
रय्यान. वडील कुवेतला, पोरगा शेवटच्या बाकावर झोपलेला. जूनपासून त्याच्या तोंडातून 'प्रेझेंट सर' सोडून शब्द ऐकला नव्हता. आज त्याच्या डोळ्यांना रुमाल बांधला आणि मॉडेलवर हात ठेवायला लावला. त्याने बोटांनी चाचपडत सगळं सांगितलं. हा सह्याद्री, उत्तरेला. हा समुद्र, दक्षिणेला. हे चिपळूण. ही वाशिष्ठी, कारण इथे ओलं आहे.
वर्गाने टाळ्या वाजवल्या. रुमाल काढल्यावर तो लाजला. माझे डोळे भरून आले, खोटं कशाला लिहू. या पोराला आजवर कुणी टाळी दिली नसेल.
कोण म्हणतो संथ? आणा ते प्रशिक्षण माझ्यासमोर!

३० जुलै
तिन्ही गटांना तेच प्रश्न विचारले. हुशार, मध्यम, संथ, सगळ्यांचं उत्तर एकसारखं. अक्षरशः एकसारखं. निदासुद्धा आता तेच म्हणते, जरा तोंड वाकडं करून.
दुपारी शमिका मॅडम मॉडेल बघायला आल्या. बराच वेळ उभ्या राहिल्या. एकदा खिडकीबाहेर बघितलं, एकदा बाणाकडे. मग म्हणाल्या, सर, एक बोलू का? मी म्हटलं, चाचणी झाल्यावर बोला. गेल्या. चेहरा पडला होता. मत्सर माणसाला आतून पोखरतो. मी मात्र त्यांच्याबद्दल मनात काही ठेवलेलं नाही.

५ ऑगस्ट
घटक चाचणी. मी वर्गात चक्कर मारली. महाराष्ट्राच्या आराखड्यात अरबी समुद्र, सह्याद्री, चिपळूण आणि मुंबई दाखवायची होती. एकानेही नकाशा कोरा सोडला नव्हता! रय्यान जीभ बाहेर काढून सह्याद्री रंगवत होता. मला जवळून बघायचा मोह झाला, पण निकालाची गोडी घालवायची नाही म्हणून पुढे गेलो.
शेट्येबाईंच्या माफीवर काय बोलायचं, याची दोन वाक्यं तयार केली.

८ ऑगस्ट
पेपर तपासायला घेतले.
पहिल्या मुलाने अरबी समुद्र कोल्हापूरच्या खाली काढलाय. वेडा. दुसऱ्याने त्याचं बघून लिहिलंय. तिसरीने दुसऱ्याचं. मग लक्षात आलं की तिसरी मुलगी वेगळ्या खोलीत बसली होती.
सगळ्यांचा सह्याद्री राज्याच्या वरच्या कडेला, छताच्या पन्हळीसारखा आडवा. चिपळूण समुद्रात. मुंबई त्याच्याही पलीकडे. रय्यानची मुंबई बहुतेक त्याच्या वडलांना सोयीची पडेल.
चहा घेतला. पुन्हा बसलो. नकाशा आडवा धरून पाहिला. आडवा धरला की सगळं बरोबर! पोरांनी चूक केलेलीच नाही, छापणाऱ्यांनी नकाशा उभा छापलाय. कोकणात राहणारा माणूस समुद्राकडे पाठ करून घाटाकडे बघतो. त्याचा नकाशा आडवाच असणार. हे मी बोर्डाला कळवणार आहे.
अख्ख्या वर्गात एकाचंच उत्तर बरोबर आलं. दीपकचं. तो गालगुंडामुळे महिनाभर घरी होता.
कौसरने विचारलं, जेवत का नाही. मी म्हटलं, पोट बरं नाही. तिने मऊ भात केला. टोपाचा विषय काढला नाही. त्याने जास्तच वाईट वाटलं.

११ ऑगस्ट
शेट्येबाईंच्या ऑफिसात मी ठाम उभा राहिलो. बाजू मांडली. एक, नकाशा कोरा सोडणाऱ्या वर्गाने नकाशा भरला. दोन, सर्व क्षमतांची मुलं एका पातळीवर आली. तीन, नकाशा फिरवून धरला तर पैकीच्या पैकी.
त्यांनी ओरडा केला नाही. केला असता तर मला उत्तर देता आलं असतं. त्या एवढंच म्हणाल्या की गनी सर, गेल्या वर्षी मुलांना येत नव्हतं आणि ते त्यांना माहीत होतं. या वर्षी येत नाही आणि येतं असं वाटतं. रय्यान सकाळी येऊन विचारून गेला म्हणे, मॅडम, माझे पैकीच्या पैकी आले ना?
स्टोअरची किल्ली घेतली. खडू, डस्टर, तुटकी बाकं. मी त्यांचीही नीट मांडणी करणार आहे. कुणी मला कमी समजू नये.

१८ ऑगस्ट
स्टोअर भूगोल कक्षाला लागूनच आहे. मध्ये नुसती प्लायवूडची भिंत.
सकाळी शमिका मॅडम छिन्नी मागायला आल्या. बाण निघत नव्हता. मीच जाऊन काढून दिला. सह्याद्रीचा एक कपचा गेला, पण निघाला. त्यांनी बाण डाव्या कडेला चिकटवला आणि म्हणाल्या, सर, मॉडेल फार सुंदर आहे, मी तेच वापरणार. प्रोजेक्टर नाही लावला. मी म्हटलं, वापरा की, शाळेचंच आहे. त्यांनी मला थांबायला सांगितलं. मी म्हटलं, खडूचा स्टॉक घ्यायचाय.
तास सुरू झाला. त्यांनी मुलांना खिडकीपाशी नेलं, सूर्य कुठून उगवला ते दाखवायला लावलं. दुसऱ्या सत्राची वाट न बघता. मग सगळ्यांना मॉडेलभोवती उभं केलं. रय्यानने विचारलं, मॅडम, सरांनी शिकवलं ते सगळं चुकीचं का? मी खडूचा खोका हातात धरून उभा राहिलो. त्या म्हणाल्या, डोंगर, नद्या, गावं, सगळं सरांचं बरोबर आहे, फक्त बाण फिरला होता.
मग विचारलं, सांगा, समुद्र कुठल्या दिशेला?
सगळा वर्ग एका आवाजात म्हणाला, पश्चिमेला. रय्यानचा आवाज सगळ्यांच्या वर.
भिंतीच्या अलीकडून मीही म्हणालो. हळू.