एकाच्या कोठडीत दोघं

१४ फेब्रुवारी १९८९

खबर फुटली! सकाळी ऑफिसर क्लेग दारातून म्हणाला, "काय डॉक्टर, आमच्यावर केस करताय म्हणे?" मी कुठला डॉक्टर! नॉटिंगहॅमला हॉस्पिटलच्या लॅबमध्ये होतो. गाडी ठोकून एक माणूस मारला, म्हणून इथे. या कोठडीच्या हालतीवरून तुरुंगावर केस टाकायचं मी फक्त बॅरीला सांगितलं होतं. कोठडी एकाची, राहतो दोघं — मी आणि हा बॅरी. शिवाय संडासाची बादली.

१७ फेब्रुवारी

बॅरीकडे तंबाखूची नवी पुडी. याला भेटायला कुत्रंही येत नाही. मग दिली कुणी?

२१ फेब्रुवारी

दुपारी दमा उसळला. भिंतीवर ही बुरशी, खिडकी उघडत नाही — होणार काय दुसरं? चाळीस मिनिटं बेल दाबली. बॅरी दारावर लाथा घालत ओरडत होता. एवढा पुळका? क्लेग आला आणि त्यानं बॅरीला डोळा मारला. मी पाहिलं! चुगलखोर, पक्का चुगलखोर.

२६ फेब्रुवारी

उल्काताई वेम्बलीहून भेटायला आली. "शशी, सॉलिसिटरला सांग, केस ड्रॉप कर. आठ महिने राहिलेत, मुकाट काढ ना." आठ महिने! या हवेत मी आठ आठवडे काढीन की नाही, याचीच भीती वाटते.

३ मार्च

बॅरी विचारतो, रोज काय लिहितोस? म्हटलं, आईला पत्र. आई जाऊन पाच वर्षं झाली. मराठीत आहे, कोण वाचतंय!

९ मार्च

सॉलिसिटर मिस हॅलम आल्या. वहीचं सहज बोललो तर खुर्चीतून उठल्याच. "तारखा घातल्यात? मग हाच पुरावा!" अख्खी वही भाषांतर होऊन दोन्ही बाजूंना जाणार. एक पान फाडलेलं दिसलं तर संपलं. वर म्हणाल्या, "आणि बॅरी तुमचा साक्षीदार. साक्ष द्यायला तयार आहे, असं स्वतःहून लिहून दिलंय त्यानं."

समोरचा वकील माझीच वाक्यं वाचून माझ्याच साक्षीदाराला खोटं पाडणार! की बॅरीला क्लेगनंच पढवलंय? काही कळत नाही. लाज मात्र वाटते.

१० मार्च

परक्यानं कोर्टात वाचण्यापेक्षा मीच वाचली. बॅरीला, पहिल्या पानापासून, इंग्रजीत. मान खाली घालून ऐकत होता.

म्हणाला, "बरोबर लिहिलंस. क्लेगला सगळं मीच सांगायचो. कोर्टात तेही सांगतो."

"मग इथले लोक तुला जिवंत सोडतील?"

"जे करतील तेही लिही," म्हणाला. "तारीख घालून."