पाव्हण्यायले बोटीत बसवलं त्याची हकीकत

इंदोरा, नागपूर

आदरणीय अंजनाबाई हिले पार्बताबाईचा मानाचा जय भीम. (एवढा मान पत्रापुरता. आपण दोघी एका गावच्या, शेंबड्या वयापासूनच्या, म्हणून पुढं तू अन् मी.) तुहे गुडघे कसे आहेत? माहे आहेत तसेच आहेत, चालतात कमी अन् बोलतात जास्त. मोतीबिंदू काढला असन तं हे स्वतः वाच. फोन काहून नाही केला म्हणशील, तं तुही सून फोन आला की स्पीकर लावते, अन् माहं बोलणं तुले कमी अन् साऱ्या हिंगणघाटले जास्त ऐकू येते. म्हणून साक्षरता वर्गात शिकलेली अक्षरं बाहेर काढली. वेलांट्या इकडच्या तिकडं झाल्या असतील, त्या आपल्या सोयीनं लावून घे.

तुहा निरोप भेटला. पोट्टी पसंत आहे, पण लग्नानंतर तिले ते इंजिनाचं काम सोडावं लागन, असं तू म्हणतेस. अन् वरून तुहा पोरगा प्रेमानंद गावभर सांगून राहिला म्हणे, की पोरगी पाहायले गेलो तं बुढीनं आम्हाले बुडवायले नेलं. बुडवायचं असतं तं इतकं लांब काहून नेलं असतं? आमच्या मागं नाला आहे. तं आधी झालं काय ते ऐक, मग माहं उत्तर ऐक.

माही नात रोशनी काय काम करते, हे आमच्या आळीत अजून कोणाले धड समजलं नाही. ती मरीन इंजिनिअर झाली तेव्हा शेजारीण मले म्हणे, नागपुरात समुद्र कुठं आहे वं? मी म्हटलं, तुह्या जावयाच्या डोक्यावर केस कुठं आहेत, तरी खिशात कंगवा ठेवतेच ना. पाच वर्षं पोट्टी मोठ्या जहाजाच्या पोटात होती. तिथं ऊन नाही, वारा नाही, अन् इंजिन तीन माळ्याच्या घराएवढं. (मले हे खोटं वाटलं होतं. मग तिनं फोटो दाखवला. त्यात ती इंजिनापुढं लवंगेएवढी दिसते.) आता इथं घरामागं टिनाचं शेड टाकलं आहे. ढीमरांच्या मासे धरायच्या बोटी, फिरायच्या बोटी, पुरात माणसं काढायच्या सरकारी बोटी, सगळ्यायचे इंजिन तिच्याकडं येतात. नागपूरले समुद्र नाही, पण तलाव आहेत, धरणं आहेत, अन् पूर तं बिनबोलावता येते. शेडात ती इंजिन खोलून बसली की मी नुसती पाहत राहते. शंभर तुकडे चादरीवर मांडते अन् परत लावते तेव्हा एकही उरत नाही. मी उशीचा अभ्रा शिवला तरी कापड उरते.

तं त्या रविवारी तुहा प्रेमानंद अन् नातू अंकुश पाहायले आले, अन् पाहायची ती घरीच नव्हती. पुराच्या सरकारी बोटीची त्याच दिवशी ट्रायल निघाली. ही ट्रायल रिकाम्या बोटीवर होत नाही बरं. पुरात बोट रिकामी थोडीच येते? जितकी माणसं बसणार तितकं वजन घालून इंजिन ओढते का, ते पाहतात. त्यासाठी रेतीची पोती सांगितली होती, अन् पोत्यांचा टेम्पो इतवारीत अडकून बसला. तिथले साहेब म्हणाले, वजन नाही तं ट्रायल नाही, पावसाळ्यानंतर पाहू. पावसाळ्यानंतर, म्हणजे माणसं बुडून झाल्यावर. रोशनीचा मले फोन आला. म्हणे, आजी, वजन पाह्यजे, अन् लवकर पाह्यजे.

मी इकडंतिकडं पाह्यलं. विहारात वंदना आटपून बाया चहा पिऊन राहिल्या होत्या. चांगल्या भरीव बाया, अन् रिकाम्या. (आमच्या आळीतल्या मोनालीची सासू एकटी दोन पोत्यांच्या जागी चालते.) तरी कमी पडन असं वाटलं, म्हणून पाव्हण्यायले म्हटलं, चला. प्रेमानंद म्हणे, आम्ही पाहायले आलो आहो, बसायले नाही. मी म्हटलं, बसल्या बसल्या पाहा.

तलावावर रोशनीनं सगळ्यायले नारिंगी जॅकेटं घातली. तुहा प्रेमानंद म्हणे, माह्या कोटाची घडी मोडते. ती म्हणे, जॅकेट नाही तं बोट नाही, काका. होणाऱ्या सुनेच्या तोंडून पहिलं वाक्य हे ऐकल्यावर त्याचं तोंड कसं झालं असन, ते तू जन्म दिला आहेस त्याले, तुलेच माहीत.

अंजने, बोट निघाली अन् माह्या अंगावर काटा आला. एवढ्या बायायचं ओझं घेऊन ती पाणी फाडत निघाली, अन् मागं आमची पोट्टी दांडा धरून उभी, सगळ्या तलावाची मालकीण असल्यासारखी. या इंजिनाच्या बाजूनं पाण्याची एक बारीक धार पडत असते. ती पडते तोवर इंजिन थंड. आम्ही सगळे तलाव पाहून राहिलो होतो, ती एकटी ती धार पाहून राहिली होती. मधात पोचलो अन् धार तुटली. तिनं त्याच घडीले इंजिन बंद केलं.

मग जो गोंधळ झाला, तो विचारू नको. प्रेमानंद उभा राहून ओरडे, चालतं इंजिन काहून बंद केलं? चालू कर! बोट डोलली, बाया पंचशील म्हणायले लागल्या, काठावरून साहेब हात हलवून राहिले. रोशनी म्हणे, काका, आता चालवलं तं इंजिन जळन, अन् पुरात ही बोट जागेवर उभी राहीन. बसा खाली. मग बायायले म्हणे, सगळ्या समोर सरका. बाया सरकल्या, बोटीचं मागचं टोक वर आलं. पण इंजिन वर करून धरायची खिट्टी गंजलेली होती, कोणीतरी ते हातानं धरणं भाग होतं. तुहा अंकुश तोवर दोनदा ओकून झाला होता. तरी उठला, तोंड पुसलं, अन् म्हणे, कुठं धरू? रोशनी म्हणे, इथं, अन् हललास तं माही बोटं जातील. मुलगा-मुलीचं पहिलं बोलणं हे असं झालं. तो हलला नाही. ती पाण्यावर ओणवी होऊन चाचपत राहिली, अन् पाणी ओढायच्या जाळीतून सीताबर्डीच्या कोणत्यातरी साडीदुकानाची प्लास्टिकची पन्नी ओढून काढली. इंजिन सुरू, धार सुरू, अन् आम्ही तलावाले पूर्ण चक्कर मारून काठावर. साहेब म्हणाले, मधात बंद पडली ना. ती म्हणे, पडली नाही सर, मी बंद केली. त्यायनं सही केली.

आता माहं उत्तर. काम सुटणार नाही. तू म्हणशील, बाईच्या जातीले हे शोभते का? आपल्या लहानपणी गावच्या नदीले पूर आला होता तेव्हा आपण दोघी पिंपळावर दोन दिवस बसलो होतो, आठवते? कोणती बोट आली होती वं आपल्याले काढायले? तुहं घर चांगलं आहे, पोट्टा चांगला आहे, तरी काम सोडायची अट असन तं ही सोयरीक इथंच राहू दे. राग नाही. लग्नाच्या जेवणाले मले बोलाव, दुसऱ्या कोणाशी जमलं तरी मी येईन.

तुही,
पार्बता

ता. क. प्रेमानंदचा एक बूट आमच्याकडं आहे. दुसरा तलावात आहे. त्याले कोणता पाह्यजे ते विचार.

ता. क. त्या बोटीच्या दिवसापासून अंकुश दर रविवारी बँकेच्या ट्रेनिंगले नागपूरले जातो असं तुले सांगते ना? ते ट्रेनिंग आमच्या शेडात असते. नट खोलायचे पाने पुसते, नट मोजते, रोशनीच्या शिव्या खाते अन् माह्या हातचं वरण. दोघायचं आपसात ठरून गेलं आहे. तुले सांगायची त्याची हिंमत होत नाही, म्हणून हे पत्र लिहायले त्यानंच मले सांगितलं, अन् घेऊनही तोच आला आहे. आता तुह्यासमोर उभा असन. अट मागं घे, अन् वाचून झालं असन तं त्याले बस म्हण. नखात काळं दिसन, ते साबणानं घासायले लावू नको. जात नाही.