तीन म्हटलं की

दि. ३ फेब्रुवारी

चि. टाचणीस अनेक आशीर्वाद.

ऑपरेशन नीट झालं. खुब्यात आता धातूचा सांधा आहे आणि डॉक्टर म्हणतात तो माझ्यापेक्षा जास्त टिकेल. मुक्काम चिरंजीवांकडे. फोन का करत नाही असं विचारू नकोस. फोनवर मला निम्मं ऐकू येतं, उरलेलं सूनबाई ओरडून सांगते आणि मग ते तिसऱ्या मजल्यापर्यंत सगळ्यांना कळतं. म्हणून पत्र.

भोवरा तुझ्याकडे पोचला असेलच. तू जन्मात साधा पोपट पाळलेला नाहीस, म्हणून नियम सोबत वेगळ्या कागदावर लिहिले आहेत. जेवण दोनदा, वेळेवर. मधे काही नाही. झोपणं जमिनीवर, पोत्यावर. पलंग, खुर्ची, मांडी यांना पाय लावायचा नाही. चाळीस वर्षं शाळेत कवायत शिकवली आहे, तेव्हा कुत्र्यालाही शिस्त आहे. तू फक्त ती बिघडवू नकोस.

मांजर दिसलं की मात्र दोर घट्ट धर. माझं काय झालं ते तुला ठाऊक आहे. मांजरामागे त्याने हिसका दिला आणि मी फरफटत गेलो. चिरंजीवांचं म्हणणं, ज्या कुत्र्याने बाबांना पाडलं तो पुन्हा त्या घरात नको. त्यांच्या ओळखीचा एक गोदामवाला आहे, त्याला राखणीला कुत्रा हवा आहे. महिनाअखेर काय ते ठरेल. तोवर तू सांभाळ.

तुझ्या बाइंडिंगच्या कामात खोळंबा होईल हे कळतं. पण तुझ्याशिवाय सांगणार कोणाला? माया आहे ती अशीच राहू दे.

तुझा
दादा

---

दि. ८ फेब्रुवारी

तीर्थरूप दादास शि. सा. नमस्कार वि. वि.

तुझा नियमांचा कागद मी भिंतीवर चिकटवला होता. तो भोवऱ्याने खाल्ला. खरं तर त्याला खळ हवी होती, कागद आड आला म्हणून तोही गेला. मी पुस्तकांसाठी मैद्याची खळ शिजवते हे तू त्याला आधी सांगायला हवं होतंस. पहिल्याच दिवशी त्याने अर्धं पातेलं चाटून साफ केलं आणि मिशा वाळून कडक झाल्यावर माझ्याकडे अशा चेहऱ्याने बघितलं की चूक माझीच.

आता शिस्तीबद्दल. पोतं मी अंथरलं. त्याने ते हुंगलं, उचललं आणि दाराबाहेर नेऊन ठेवलं. मग पलंगावर चढला आणि उशीवर डोकं ठेवून झोपला. पायथ्याशी नाही दादा, उशीवर. सकाळी मी चहा घेऊन बसले तर खुर्चीवर पुढचे पाय ठेवून उभा, आणि बिस्कीट चहात बुडवून दिल्याशिवाय हलेना. कोरडं दिलं ते त्याने जमिनीवर ठेवलं आणि पुन्हा कपाकडे पाहिलं. हे त्याला माझ्याकडे येऊन पाच दिवसांत कोणी शिकवलं? लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. आम्हा भावंडांना ताटात भाजी टाकली तर उभं करणारा तू.

मी घाबरते हे त्याला कळलं आहे, आणि त्याचा तो फायदा घेत नाही. एवढं मात्र कबूल करते. दिवसभर घरभर फिरत असतो, एका जागी घटकाभर टिकत नाही. नाव अगदी शोभतं. मी टाके घालत असले की दोऱ्याचं रीळ पळवतो, बोलावलं की आणूनही देतो, आणि तेवढ्यात दुसरं पळवतो. वाचनालयाचे बारा जाड ग्रंथ मला पंचवीस तारखेपर्यंत द्यायचे आहेत. चारच झाले.

औषधं वेळेवर घे. सूनबाईवर ओरडू नकोस. लोभ आहेच, वाढला तर बघ.

तुझी
टाचणी

---

दि. १२ फेब्रुवारी

चि. टाचणीस आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं. उशी, बिस्कीट वगैरे प्रकार तुझ्या घरच्या हवेने झाले असावेत. माझ्या घरी असं काही नव्हतं. फार तर थंडीत एखाद्या वेळी.

वॉकर धरून आता गॅलरीपर्यंत जातो. चिरंजीव पाठीमागून हात पसरून चालतात. ते लिफ्ट तपासणारे, त्यामुळे दिवसभर काय काय तुटून पडू शकतं याचाच विचार. काल न्हाणीघरात तिसरा कठडा बसवला. मी अंघोळ करतो की जहाज चालवतो ते कळत नाही.

गोदामवाल्याचं नक्की झालं. एक मार्चला सकाळी तुझ्याकडे येऊन भोवऱ्याला घेऊन जाईल. माणूस बरा आहे म्हणतात. दिवसा साखळी, रात्री मोकळं अंगण. मी हो म्हटलं. नाही म्हणायला माझ्याकडे कारण नव्हतं.

त्याला खळ फार देऊ नकोस, पोट बिघडेल.

दादा

---

दि. १७ फेब्रुवारी

तीर्थरूप दादास शि. सा. नमस्कार.

हे पत्र एकट्याने वाच. सूनबाई जवळ असेल तर चष्मा सापडत नाही म्हण.

कागदांच्या घड्या मी एरवी मनात मोजते. परवा बाहेर रस्त्याचं खोदकाम चालू होतं, मनातलं मनालाच ऐकू येईना, म्हणून मोठ्याने मोजायला घेतलं. एक म्हटल्याबरोबर टेबलाखाली झोपलेला भोवरा उठला. दोनला पुढचे पाय टेकवून वाकला. तीन म्हटलं मात्र, गडी सुटला. खळीचं पातेलं, स्टूल, पाचवा ग्रंथ, सगळं ओलांडून थेट फाटकापर्यंत. तिथे वळला आणि बसून माझ्याकडे बघत राहिला. जीभ बाहेर, शेपूट चालू. आपल्यामागून कोणीतरी यायचं आहे अशा भरवशाने.

मला वाटलं योगायोग. संध्याकाळी त्याला मागच्या मैदानात नेलं. एक, दोन, तीन. दिव्याच्या खांबापर्यंत गेला, वळला, बसला, वाट बघत राहिला. सात वेळा केलं, सातही वेळा तेच.

आता मांजराचं ऐक. शेजारच्या शिंपिणीची मांजर रोज माझ्याकडे येते. पहिल्या दिवशी मी तुझी सूचना आठवून दोर दोन्ही हातांनी धरला होता. भोवऱ्याने तिला हुंगलं आणि जांभई दिली. हल्ली ती त्याच्या पोटाला टेकून झोपते. आणि दोर लावून चालताना तो हिसका तर सोडच, साधा ओढतही नाही. माझ्या पावलाला पाऊल देतो.

दादा, त्या सकाळी तीनपर्यंत कोणी मोजलं होतं?

मी तुझ्या चिरंजीवांना काही लिहिणार नाही. सांगायचं तर ते तूच. पण मला खरं काय ते कळव.

टाचणी

---

दि. २१ फेब्रुवारी

चि. टाचणीस,

तू लहानपणापासून अशीच. टोचल्याशिवाय तुला चैन नाही, नाव उगाच पडलं नाही.

मीच मोजलं होतं. वर्षभर मोजतो आहे. पहाटे रस्त्यावर कोणी नसतं. कोपऱ्यापासून दवाखान्याच्या पाटीपर्यंत, मी आणि तो. दोर सोडूनच. नेहमी तोच जिंकतो, मग पाटीखाली बसून माझी वाट बघतो. त्या दिवशी मी पहिल्यांदाच त्याच्या बरोबरीला होतो. ते बघायला मान वळवली आणि पाय दगडावर पडला. तो पळून गेला नाही, परत आला आणि माझ्या छातीवर डोकं ठेवून भुंकत राहिला. त्यामुळेच दूधवाला धावत आला.

दूधवाल्याने विचारलं, कुत्र्याने पाडलं का? मी हो म्हटलं. एकदा म्हटलं, मग हॉस्पिटलात तेच, चिरंजीवांना तेच. एकाहत्तराव्या वर्षी कुत्र्याशी शर्यत लावून पडलो असं कोणत्या तोंडाने सांगायचं? जन्मभर मुलाला जिन्यावरून धावू नकोस म्हणून दटावलं.

आणि नुसती लाजच नाही. खरं कळलं तर चिरंजीव मला पुन्हा एकटं राहू देणार नाहीत. माझं घर बंद, उरलेलं आयुष्य तीन कठड्यांत. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. म्हणून गप्प आहे. तूही गप्प राहा, एवढं ऐक.

दादा

---

दि. २४ फेब्रुवारी

तीर्थरूप दादास नमस्कार.

गप्प आहे. पण माझं मत मागितलं नसलंस तरी देते. तुझ्या खोट्याची शिक्षा भोवरा साखळीला बांधून भोगणार, आणि त्याला ती कशाची हे कधी कळणारसुद्धा नाही. मला तुझी कीव येते आणि रागही येतो, आणि दोन्ही एकदम आले की मला टाका नीट घालता येत नाही.

काल संध्याकाळी मैदानात कोणी नव्हतं. मी चप्पल काढून हातात घेतली आणि तीन म्हटल्यावर मीही धावले. साठीत. निम्म्यावर दम संपला आणि कंबरेवर हात ठेवून उभी राहिले. तो खांबापाशी बसला होता. मी येत नाही म्हटल्यावर उठून परत आला, माझ्याभोवती दोन चकरा मारल्या आणि मग माझ्या चालीने माझ्यासोबत खांबापर्यंत आला. इतकी हसले की डोळ्यांतून पाणी आलं. तू का धावत होतास ते मला कळलं, दादा. ते तुझ्या मुलाला कळणार नाही असं तू आधीच का ठरवतोस?

बारा ग्रंथ पूर्ण झाले. एकाच्या कोपऱ्यावर दाताची खूण आहे, तिच्यावर कापडी पट्टी लावली.

एक तारखेला मी दाराशी असेन. दार उघडायचं की नाही ते तू कळव.

टाचणी

---

दि. २८ फेब्रुवारी

तीर्थरूप आत्यास शिरसाष्टांग नमस्कार.

बाबांऐवजी मी लिहितो आहे. ते म्हणतात, एवढं तूच लिही. गोदामवाला उद्या येणार नाही, त्याला मी नाही म्हणून कळवलं. दार उघडायचं कारण नाही. टपालाने वेळेत पोचणार नाही म्हणून हे पत्र हातोहात पाठवतो आहे.

काल जेवताना त्याचा फोन आला, किती वाजता येऊ म्हणून विचारायला. मी वेळ सांगत होतो तेवढ्यात बाबा वॉकर न धरता उभे राहिले. मी धरायला गेलो तर हात झटकला. ताठ उभे, शाळेत झेंड्यापुढे असायचे तसे. म्हणाले की कुत्र्याने त्यांना पाडलेलं नाही, ते स्वतः त्याच्याशी शर्यत लावत होते, आणि महिनाभर ते आमच्याशी खोटं बोलले. एवढं बोलून बसले आणि ताटाकडे बघत राहिले. आमच्या हिला हसू आवरेना म्हणून ती पाणी आणायला उठली.

आत्या, मला हसू आलं नाही. मी चिडलो. खूप बोललो, हाड आणखी कुठे मोडू शकलं असतं तेही सगळं सांगितलं.  मग मी खोलीत जाऊन बसलो आणि मला भलतंच आठवायला लागलं. बाबांना मी कधी धावताना पाहिलेलं नाही. ते शिट्टी घेऊन रेषेवर उभे असायचे आणि आम्ही धावायचो. मी पहिला आलो तरी घड्याळ बघून आकडा सांगायचे. मला त्या कुत्र्याचा हेवा वाटला. चाळिशीत असं काही वाटणं बरं नव्हे, पण वाटलं.

तासाभराने बाहेर येऊन त्यांना तेच सांगितलं. त्यांनी मला शेजारी बसायची खूण केली. मग म्हणाले की तेव्हा त्यांना वाटायचं, मास्तर धावला तर मुलं हसतील.

तर आता असं ठरलंय. डॉक्टरांनी सोडलं की बाबा स्वतःच्या घरी जातील आणि भोवरा त्यांच्याकडे राहील. त्यांनी फक्त चालायचं. धावणं कायमचं बंद, तसं लिहून घेतलंय. रविवारी मी येणार. पहाटे त्यांना बाकावर बसवायचं, मोजायचं त्यांनी आणि धावायचं मी आणि भोवऱ्याने. हे सांगितल्यावर बाबांनी मला नखशिखांत न्याहाळलं, पोटावर नजर जरा जास्त वेळ ठेवली. मग जवळ बोलावलं आणि हळूच म्हणाले की पहिल्यांदाच सगळा जोर लावू नकोस, दवाखान्याच्या अलीकडे तो जरा मागे पडतो, तिथे गाठ.

तोवर त्याला सांभाळ, आणि आम्हालाही तुझ्या मायेत ठेव.

तुझा भाचा