एक जूनचे वाढदिवस

प्रिय ऋतिका,

हिंजवडीहून घरी यायला तुला दीड-दोन तास लागतात, आणि आल्यावर मी लग्नाच्या हॉलशिवाय दुसरं काही बोलत नाही. म्हणून लिहितो आहे.

एप्रिलमध्ये तुझं जर्मनीतल्या विद्यापीठाचं प्रवेशपत्र आलं, तेव्हा मी म्हणालो, "आधी लग्न, मग काय ते." तू कारण विचारलंस. तिथल्या थंडीपासून दिग्विजयसारखा मुलगा पुन्हा मिळायचा नाही इथपर्यंत मी सगळं सांगितलं, फक्त खरं कारण सोडून. तू चार दिवस बोलली नाहीस आणि पाचव्या दिवशी "ठीक आहे, बाबा" म्हणालीस. तो आवाज मला आवडला नव्हता, तरी मी हॉल बघायला निघालो.

खरं कारण असं, की फेब्रुवारीत मला सत्तावन्नावं लागतं. माझे आजोबा, मोठे काका आणि वडील, म्हणजे अप्पा, तिघंही सत्तावन्नाव्या वर्षी गेले. अप्पा गेले तेव्हा मी कॉलेजात होतो. दहाव्याला घाटावर कुणीतरी हे बोटांवर मोजून दाखवलं आणि ते माझ्या मनात कायमचं बसलं. तुझं लग्न डोळ्यांदेखत व्हावं, एवढंच मला हवं होतं.

आता हसू नकोस. तीस वर्षं मी विमा कंपनीत अ‍ॅक्च्युअरी आहे. माणसं किती जगतील याचा अंदाज बांधायचा, यावरच माझं घर चाललं. छप्पन्न वर्षांचा माणूस सरासरी आणखी वीसेक वर्षं जगतो, हे मला तोंडपाठ आहे. तीन माणसांवरून निष्कर्ष काढणाऱ्या नवख्यांना मी केबिनमधून परत पाठवलं आहे. मागच्या महिन्यात तुझ्या आईला हे सगळं सांगितलं, तर ती म्हणाली, "ऑफिसात लोकांना नव्वदीपर्यंत पोचवता आणि स्वतः सत्तावन्नच्या स्टॉपवर उतरताय? वा!" वर म्हणाली, "पोरीला सांगितलंत का हे?"

गेल्या रविवारी लग्नाची तारीख सांगायला धायरीला इंदुआत्याकडे गेलो. अप्पांची ही धाकटी बहीण आता नव्वदीला आली आहे, पण कान शाबूत आहेत. मी बोलता बोलता म्हणून गेलो, "अप्पांसारखं माझंही सत्तावन्न आलं, आत्या." ती म्हणाली, "आरं लेकरा, कुणाचं सत्तावन्न? तुजा बा ज्ञानदेव मला कडंवर घिऊन साळंत जायचा. सा वर्साचं पोर तीन वर्साची पोर कडंवर घेतंय व्हय? चांगला अकरा वर्साचा व्हता, गुरं राखून मग साळंत गेला. मास्तरनं हात डोक्यावरनं पलीकडच्या कानाला लावाय लावला, लागला, म्हनला सा वर्सं. लिवलं."

सोमवारी रजा टाकून अप्पांच्या शाळेत गेलो. जुनं रजिस्टर मिळालं. अप्पांची जन्मतारीख एक जून. खालच्या मुलाची एक जून. त्याच्या खालच्याची एक जून. पानभर तेच. मोठ्या काकांचंही तसंच. आजोबा तर शाळेतच गेले नव्हते. त्यांचं सत्तावन्न कुणी आणि कशावरून मोजलं, देव जाणे.

जुन्या नोंदींत एक जूनचे वाढदिवस रांगेनं दिसले, की मी हाताखालच्या मुलांना सांगतो, ही वयं धरू नका, मास्तरांचा अंदाज आहे. हे मी शंभर वेळा सांगितलं असेल. अप्पांच्या दाखल्यावरचा एक जून मात्र माझ्या कपाटात पस्तीस वर्षं होता आणि मी त्याला एकदाही प्रश्न विचारला नाही. आत्याची आठवण हा काही पक्का पुरावा नव्हे, हे मलाही कळतं. अप्पा बासष्टचे असतील, साठचे असतील. आणि खरोखर सत्तावन्नचे असते, तरी त्यावरून माझं काय ठरणार होतं? शाळेबाहेरच्या टपरीवर दोन कप चहा प्यायलो. कित्येक वर्षांनी छातीवरचा दगड उतरल्यासारखं वाटलं. तेवढ्यात लक्षात आलं, माझा दगड उतरला. तुझ्यावर ठेवलेला तसाच आहे.

पत्रिका उद्या छापायला जाणार होत्या. त्या मी थांबवल्या आहेत. काल दिग्विजयलाही फोन करून हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, "काका, मी समजत होतो घाई ऋतिकाला आहे, आणि तिला वाटत होतं मीच तुम्हाला घाई लावलीय." मुलगा मला आणखीच आवडला, पण माझ्या आवडीनं आता काही ठरवू नकोस. जर्मनीवाल्यांना लिहून विचार, पुढच्या वर्षी जागा देतील का. लग्न जाण्याआधी, आल्यावर, की करायचंच नाही, ते तुझं तू बघ. माझी भीती मी तुझ्या गळ्यात बांधली, त्याची माफी मागायला हे पत्र. उत्तर सावकाश दे. मला भरपूर वेळ आहे.

तुझाच,
बाबा