फोटोतला कॉर्नेट

अमरावती, ५ मार्च १९५८

चि. देवमन यास, खुशालराव काकाचे आशीर्वाद.

परवा दर्यापूरच्या लग्नात तुझा कॉर्नेट ऐकला. मोटारीचा भोंगा समजून वऱ्हाडी बाजूला झाले. गाल तर असे फुगवतोस, की जेवण तोंडातच राहिलं की काय असं वाटावं. वीस तारखेला नागपूरला पोलीस बँडची परीक्षा, आणि तू चार-चार तास लग्नाची गाणी फुंकतोस. याला रियाज म्हणत नाहीत. सकाळी एकच सूर हळू आणि लांब धरावा. जितका वेळ वाजवशील तितकाच वेळ कॉर्नेट मांडीवर ठेवून गप्प बस. तुला ते जड जाईल, ठाऊक आहे मला.

वहिनींना नमस्कार. तुझ्यावर माया आहे म्हणून एवढी शाई खर्च केली.

खुशालराव

अकोला, ९ मार्च

ती. काकांस शि. सा. न. वि. वि.

तुमचा एक सूर धरून पाहिला. आई परसातून विचारत आली, की म्हैस कावून हंबरून राहिली. आमचे बँडमास्तर डोमाजी म्हणतात, असा दम अकोटपर्यंत कुणात नाही. परीक्षेच्या आदल्या दिवशी मी सकाळपासून दिवेलागणीपर्यंत वाजवणार आहे. जिनिंगच्या कारखान्यातून रजाही काढली. कॉर्नेट घेतलेला तुमचा फोटो आमच्या भिंतीवर आहे खरा, पण तुम्हाला वाजवताना घरात कुणी ऐकलेलं नाही. तेव्हा शिकवणी पुरे.

राग आलाच तर येऊ द्या, लोभ तेवढा राहू द्या.

देवमन

अमरावती, १२ मार्च

चि. देवमन यास आशीर्वाद.

ऐकणार कुठून? माझ्या पोलीस बँडच्या परीक्षेच्या आदल्या दिवशी मीही दिवसभर फुंकत बसलो होतो. दुसऱ्या सकाळी ओठ वड्यासारखे सुजले, सूरच निघेना. साहेबांनी ढोल गळ्यात घातला, तो बावीस वर्षं उतरला नाही. फोटोपुरता कॉर्नेट दुसऱ्याचा मागून घेतला होता. लाजेपोटी आजवर कुणाला बोललो नाही. तुझ्या गाढवपणामुळे आज लिहावं लागलं. वहिनींना कळू देऊ नकोस.

खुशालराव

अकोला, २३ मार्च

ती. काकांस शि. सा. न. वि. वि.

आदल्या दिवशी कॉर्नेट पेटीत घातला आणि किल्ली आईकडे दिली. मी घाबरलो असं तिला वाटलं, वाटू दिलं. साहेबांनी गाणं वाजवूच दिलं नाही. एक सूर धर म्हणाले, आणि मी आमच्या म्हशीसारखा धरून राहिलो. निवड झाली.

आता माझा फोटो काढायचा आहे. रविवारी या. डोमाजींचा ढोल आणून ठेवलाय, तो गळ्यात घालून माझ्या शेजारी उभे राहा. तोही मागूनच आणलाय, पण खोटा नाही. आईला काय सांगायचं ते तुम्ही ठरवा.

माया होती तशीच असू द्या.

ढोलवाल्याचा पुतण्या,
देवमन